पैकू, कोणत्या काठावरून हाक मारू?

पैकू,

काल पुन्हा तेच झालं. इंटरच्या मुलांचं प्रॅक्टिकल होतं. बेडकांसाठी ट्रे कमी पडले आणि मी मान वरही न करता व्हरांड्याकडे तोंड करून ओरडले, "सिडाम, तुझ्याकडचे ट्रे पाठव रे!" पुढच्या बाकावरची मुलगी चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं व्हरांड्याच्या त्या टोकाकडून "ओ बाई" आलं की मगच मी पुढचं काम करत असे. माझा कान अजून त्या "ओ"साठी उघडाच आहे आणि तो बंद कसा करायचा ते मला कळत नाही. शेवटी मीच उठले आणि ट्रे घेऊन आले.

तुझ्या खोलीत जायला शिपाई तयार नाही. म्हणतो, "बाई, सिडाम सरच्या खोलीत कागद हलून राह्यले." मी त्याला हाताला धरून नेलं, खिडकीची फुटलेली काच दाखवली, त्यातून वारा येतो हे दाखवलं, वर चार शब्द सुनावले. विज्ञानाच्या कॉलेजात पगार घेतोस आणि भुताच्या गोष्टी सांगतोस? तो मान हलवून निघून गेला. पण तुला म्हणून सांगते, मीसुद्धा आता त्या खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर खाकरते. आत कुणी असेल तर त्याला सावरून बसायला वेळ मिळावा, म्हणून.

झाडं दाबून वाळवायचा तुझा प्रेस टेबलावर तसाच आहे. दोन जाळीच्या फळ्या, मधे टीपकागद, त्यांत दसऱ्याच्या आधी आणलेली झाडं, आणि वर तुझी ती गाठ. झाडं वाळवतोस की गुरं बांधतोस, असं मी नेहमी म्हणायचे त्या गाठीला. ती सोडताना माझं नख मोडलं. ओले कागद काढून कोरडे घातले, कारण नाही घातले तर बुरशी येते, आणि माणूस गेला म्हणून बुरशी काही थांबत नाही. परत बांधताना तुझ्यासारखीच गाठ मारायला गेले. जमली नाही, म्हणून साधीच मारली.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते बरंच झालं, हसून हसून तुझी वाट लागली असती. एकानं तुला "वनपुत्र" केलं. तू एम.एस्सी. होतास, पावसाळाभर तुझं नाक गळायचं, आणि रानातल्या जळवांना तू माझ्यापेक्षा जास्त घाबरायचास, हे कुणी बोललं नाही. मग ऑफिसच्या वतीनं हेडक्लार्क, आपले बडे बाबू उठले आणि म्हणाले, "आदिवासी समाजाचं भूषण हरपलं." मी मान खाली घातली. माझ्या शेजारी बसलेल्यांना वाटलं, बाई रडतायत. रडत नव्हते रे, संतापले होते. जिवंतपणी ज्या माणसाला ज्या टेबलावर आदिवासी म्हणता येईना, त्याला मेल्यावर त्याच टेबलानं आदिवासी समाजाचं भूषण करून टाकलं. मेलेल्याला दाखला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरला. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि तू पहिल्या वर्षाला आलेला, कोपरात विरलेला सदरा आणि कडक तेल लावलेले केस. हजेरीला प्रोफेसरांनी नाव विचारलं. तू म्हणालास, "पैकू." वर्ग खो खो हसला. ते म्हणाले, अहो, हे घरचं नाव झालं, कॉलेजसाठी दुसरं काही असेल ना? आणि तू अगदी शांतपणे म्हणालास, "दुसरं आनलं नाई, सर." त्यावर तेही हसले आणि मीही. त्या दिवसापासून मी तुझ्यावर लक्ष ठेवून होते. मी ब्रह्मपुरीची, भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी. मलाही घरात "मले-तुले"च येतं. नागपूरच्या मोठ्या लोकांसमोर मी ते पदराखाली झाकून ठेवायचे. तू काही झाकत नव्हतास, आणि त्याचा मला धाक वाटायचा.

चांद्याला हे कॉलेज निघालं तेव्हा मी कशी लागले, ते तुला मीच सांगितलं होतं. मुलींना प्रवेश द्यायचं ठरलं, पण आयाबाया म्हणाल्या की शिकवायला बाई असेल तरच पोरी पाठवू. म्हणून जाहिरातीत आलं, स्त्री उमेदवारास प्राधान्य. माझ्याहून वरच्या वर्गात पास झालेले पुरुष रांगेत होते, आणि मला घेतलं. गावभर झालं, बाई म्हणून घेतलं. मी म्हटलं, हो, बाई म्हणूनच घेतलं. बाई म्हणून इतकी वर्षं बाहेर ठेवत होते तेव्हा कुणाला गुणवत्ता आठवली नाही, आत घेतलं तेव्हा बरी आठवली. मी खुर्ची ओढली आणि बसले. आता मी शिकवते कशी, ते मुलांना विचारा.

तूही मागोमाग आलास, वनस्पतीशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, पण कच्चा. एप्रिलात परीक्षा संपली की तुला कमी करायचे, जुलैत शाळा-कॉलेजं उघडली की पुन्हा घ्यायचे. उन्हाळ्यात तू गावी जाऊन बापाबरोबर मोहफुलं वेचायचास आणि परत आलास की तुझ्या कपड्यांना तोच गोडसर वास असायचा. मी म्हणायचे, प्रयोगशाळेत दारू पिऊन येऊ नये. तू म्हणायचास, "पिऊन नाई आलो बाई, वाळवून आलो."

आणि मग ती जागा निघाली. पक्की, लेक्चररची, वनस्पतीशास्त्राची, आदिवासींसाठी राखीव. मला आठवतं, जाहिरात घेऊन मी व्हरांड्यातून पळत आले होते, या वयात. साऱ्या चांदा जिल्ह्यात वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेला दुसरा गोंड नव्हता. मी म्हटलं, हे तर तुझं माप घेऊनच शिवलंय! तू अर्ज केलास. आणि बडे बाबूंनी तुला बोलावून आदिवासी जमातींची सरकारी यादी पुढे केली. यादीत गोंड होते, पण कुठले? तर गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलीतले. म्हणजे वैनगंगेच्या पलीकडचे. तुझं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, नदीच्या अलीकडे. अलीकडचे गोंड यादीत नव्हते.

बडे बाबू माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "सिडाम, तुमी गोंड आहे हे मले दिसून राह्यलं. पन कागदाले नाई दिसत, त्याले मी काय करू?"

तू परत आलास ते हसतच. "बाई, मी नदीच्या अलीकडं गोंड नाई म्हनते सरकार. पोहून गेलो का होतो म्हनते." मी नाही हसले. मी लगेच वाट शोधली, कारण मी व्यापाऱ्याची मुलगी आहे आणि बंद दाराला मागचं दार असतंच यावर माझा विश्वास आहे. तुझी आई पलीकडची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तू जन्मलास तो पलीकडे, मामाच्या घरी. मग सरळ आहे! मामाचं गाव लिही, तिकडच्या पटवाऱ्याचा दाखला आण, काम झालं. त्यात खोटं काय आहे? जन्मलास ना तिथे?

तू म्हणालास, "जन्मलो तिथं बाई. पन मी तिथचा नाई."

इथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. तू म्हणायचास, मी आईच्या काठानं आत गेलो तर यादी आहे तशीच राहील. उद्या गावचा एखादा पोरगा बी.एस्सी. होईल आणि त्याची आई पलीकडची नसेल, त्यानं काय करायचं? आणि बाप? एकाच घरातला मुलगा गोंड आणि बाप कोण? मी म्हणायचे, अरे, आधी आत शीर, मग दार रुंद कर. बाहेर उभं राहून दार रुंद करणारा मी अजून पाहिला नाही. आत गेलास, पक्का झालास, की तुझ्या शब्दाला वजन येईल. माझंच बघ. मला बाई म्हणून घेतलं, मी काय लाजले?

त्यावर तू म्हणालास, "तुमाले बाई असल्याचा दाखला नाई मागितला ना कोनी."

तू अर्ज करत राहिलास. जागेसाठी नव्हे, यादीसाठी. अलीकडच्यांनाही धरा, म्हणून. पहिले अर्ज नागपूरला गेले. मग राज्यच बदललं, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरवाले म्हणाले आता तिकडे विचारा, तिकडचे म्हणाले आमच्याकडे काही आलं नाही. तुझा मात्र धीर सुटत नव्हता. ती जागा दर वर्षी जाहिरातीत यायची आणि दर वर्षी तिच्यापुढे तेच लिहून यायचं की लायक उमेदवार मिळाला नाही. लायक उमेदवार व्हरांड्याच्या टोकाला मुलांना पानाचे काप करायला शिकवत असायचा.

गेल्या उन्हाळ्यात मी हट्टानं तुझ्या गावी आले. तुला वाटलं, बाई जंगल बघायला आल्या. मी आले होते तुझ्या बाबांना गाठायला. बापानं सांगितलं तर ऐकेल, असा माझा हिशेब. बाबांनी मला लाखोळीची डाळ आणि भात वाढला, आणि मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. साध्या भाषेत, कोंबडीला दाणे टाकावेत तसं थोडं थोडं. सरकारच्या लेखी पलीकडच्या काठावर पैकू गोंड आहे, अलीकडे नाही. त्याला म्हणावं, पलीकडचं गाव लिही. बाबांनी सारं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "अलीकडं नाई म्हंजे, आमी कोनीच नाई का बाई?" मी म्हटलं, तसं नव्हे हो भाऊ, हे फक्त नोकरीपुरतं. ते मान हलवून उठले आणि माझ्यासाठी खाट टाकायला गेले.

संध्याकाळी तू मला घाटावर नेलंस. नदी तिथे वळते, खडकांमधून अरुंद होते. एक बाई गाठोडं घेऊन पाण्याशी आली आणि तिनं पलीकडे हाक मारली, डोंगा आण म्हणून. डोंगा चालवणारा ढिवर तिकडे नव्हता. पलीकडे बकऱ्या चारणारा कुणी म्हातारा होता, त्यानं "ओ" दिली. मी म्हटलं, डोंगा त्याचा नाही, हाक त्याला नाही, मग हा ओ कशाला देतो? तू म्हणालास, "नदीवर हाक आली का समोरच्यानं ओ द्याचीच, बाई. तसीच नाई सोडत हाक." तेव्हा मला कळलं की तुझी ती व्हरांड्यातली "ओ बाई" कुठून आली होती. आवडलं मला ते, पण बोलले नाही. त्या वेळी मी तुझ्यावर रागावले होते.

आणि मग ही दसऱ्याआधीची सकाळ. तू दाराशी उभा, खांद्याला झाडं गोळा करायचा पत्र्याचा डबा. मी तुला सांगितलं की ऑफिसात बोलणं चाललंय, या वेळी जागा भरली नाही तर ती खुली करणार. म्हणजे कुणालाही देणार, आणि मग तुझी कच्ची नोकरीही जाणार, कारण पक्का माणूस आला की कच्च्याचं काम संपलं. मी म्हटलं, तुझ्या हट्टावर तुझ्या गावाची चूल पेटणार नाही. मोठ्यानं म्हटलं असेन. तू रागावला नाहीस. तुला रागवताच यायचं नाही नीट. तू डब्याचा पट्टा सारखा केलास आणि म्हणालास, "बरं बाई. जाऊन येतो पलीकडं."

एवढंच म्हणालास. काय करायला, ते बोलला नाहीस.

डोंगा धारेला लागून कलंडला. ढिवर खडकाला धरून वाचला. तू चांगला पोहणारा, पण डब्याचा पट्टा अडकला असावा, असं तो म्हणतो. तू मिळालास तो पलीकडच्या काठाला, खाली बऱ्याच अंतरावर. डबा तुझ्या खांद्यालाच होता आणि रिकामा होता. मी ढिवराला खोदून खोदून विचारलं, सर काही बोलले का? तो म्हणाला, "पान्याकडं पाहून राह्यले होते बाई, काई बोलले नाई."

आता मी याच एका गोष्टीभोवती फिरते आहे, घाण्याच्या बैलासारखी. तू कशासाठी जात होतास? तू कितीतरी दिवसांपासून म्हणत होतास की अलीकडच्या ओलीत एक बारीक निळ्या फुलाचं झाड मिळालंय, ते पलीकडेही आहे का ते बघायचंय. त्यासाठी निघाला असलास तर ते तुझं काम होतं, आणि नदी ही नदी आहे. पण माझं ऐकून निघाला असलास तर? अखेर मान तुकवून, मामाच्या गावचा दाखला आणायला? डबा रिकामा होता. पण जाताना तो रिकामाच असतो रे. दाखला आणायला निघालेला माणूस तरी डबा कशाला घेईल? पण तू तर बाजाराला जातानाही डबा घ्यायचास. सांग, यातून मी काय काढू? एवढी वर्षं मुलांना शिकवलं, पुराव्यावरून बोला. पुरावा माझ्यासमोर आहे आणि तो काहीच बोलत नाही. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली की तू त्या उंच स्टुलावर येऊन बसतोस, मला पाठमोरा, आणि मी विचारते. वळत नाहीस.

तुझ्या मामालाही विचारलं. मातीला आला होता. म्हटलं, तो तुमच्याकडे यायला निघाला होता का? काही निरोप होता? मामानं डोळे पुसले आणि म्हणाला, "भाच्याले मामाकडं यायले काई कारन लागते का बाई?"

मी बरोबर होते, पैकू. हे मी आजही म्हणते. तू दाखला आणला असतास तर आज तू पक्का लेक्चरर असतास, आणि यादीसाठी जोरात भांडत असतास. मी बरोबर होते आणि तू नाहीस, आणि या दोन गोष्टी मला एकाच खोलीत ठेवता येत नाहीत.

पण मला तुला सांगायचंय ते नदीवरचं. तुझ्याकडची रीत मला ठाऊक नव्हती, बाबांनी निरोप धाडून बोलावलं तेव्हा समजली. माती झाल्यावर मग एका दिवशी घरची माणसं नदीवर जातात, मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारतात, पाण्यात उतरून ओंजळीत जे सापडेल ते धरतात. मासळी, किडा, काहीही. ते गाडग्यात घालून घरी आणायचं, म्हणजे जीव घरी येतो आणि घरच्या पेनांत, देवांत, जाऊन बसतो. मी प्राणिशास्त्राची मास्तरीण. माझ्या मनात काय आलं असेल ते तू ओळखशील. पण मी गेले.

तिथे जाऊन बघते तर वाद पेटलेला. मामा म्हणत होता, "आमच्या काठावर जलमला, आमच्याच काठाले लागला. नदीनं आमाले देल्ला. मंग हाक आमीच मारू." तुझे चुलते म्हणत होते, घर इकडे, माती इकडे, जीव तिकडे कसा जाईल? शेवटी मामा रागानं सकाळीच पलीकडे गेला आणि आपलं गाडगं घेऊन समोरच्या खडकावर उभा राहिला. सांगून गेला, तुम्ही बोलवा, नाही आला तर मी बोलवीन.

बाबा पाण्याशी उभे होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते पुढे होईनात. मग ते वळून माझ्याकडे आले. लोकांना वाटलं, म्हातारा रडायला जागा शोधतोय. ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं होतं का पैकू पलीकडच्या काठावर गोंड आहे, इकडं नाई."

माझेच शब्द होते ते.

"मंग इकडून बोलावलं," ते म्हणाले, "आन् पेनानं नाई घेतलं त्याले, तं? तो कुठीच नाई राहीन. तुमी शिकल्यासवरल्या. तिकडूनच बोलवू द्या का त्याच्या मामाले? मले नाई आला तरी चालीन. त्याले जागा भेटली पाह्यजे."

पैकू, मी त्यांना म्हटलं होतं की हे फक्त नोकरीपुरतं आहे. त्या माणसानं ते तुझ्या जिवापर्यंत नेलं होतं. सरकारनं आखलेली रेघ पेनांनाही लागू असेल असं त्याला वाटलं, कारण ती रेघ त्याला मी समजावून सांगितली होती, लाखोळीच्या डाळीवर, फार सोप्या भाषेत. आणि तो आपला मुलगा सोडायला तयार होता. तुला जागा मिळावी म्हणून.

मी इतकी वर्षं पलीकडच्या काठाची वकिली केली. त्या दिवशी माझ्या तोंडून दुसरंच आलं. मी म्हटलं, "इथूनच बोलवा भाऊ. तो इथचाच आहे. सरकारले काई मालूम नाई, अन् मलेबी नव्हतं."

बाबा पाण्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी तुझं नाव घेतलं आणि ओंजळ बुडवली. पाणीच आलं. पुन्हा हाक, पुन्हा पाणी. पलीकडे मामा गाडगं धरून उभा. मग बाबांनी पाण्यातूनच मागे बघितलं. "तुमी मारा बाई हाक. तुमच्या हाकेले तो ओ देत होता म्हने."

मी काठावर उभी राहिले. व्हरांड्यात मी तुला सिडाम म्हणायचे. तिथे मी काय म्हणाले ते ऐक, कारण तेवढंच लिहू द्या, असं तू मला वर्षानुवर्षं सांगत होतास. मी ओरडले, "पैकू सिडाम, पोंभुर्ण्याकडचा, गोंड! घरी चल रे!"

पलीकडून ओ आली.

मामानंच दिली ती. मला माहीत आहे. नदीवरची रीत, हाक तशीच सोडायची नाही, तोंडून निघून गेली असेल. मामा-भाच्यांचा आवाज सारखा असतो, यात नवल काही नाही. त्याच वेळी बाबांच्या ओंजळीत काहीतरी वळवळलं, एक लहानसा झिंगा, काचेसारखा. त्याचं शास्त्रातलं नाव माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. बाबांनी त्याला गाडग्यात सोडलं, वर हात झाकला, आणि सगळे घराकडे चालू लागले. एका चुलतीनं मला बजावलं, मागं नाई पाह्याचं बाई.

मी पाहिलं, पैकू. हाक मी तुझ्या काठावरून मारली होती. ओ मात्र पलीकडून आली.